निंदणी

मराठीतला 'तण' हा शब्द संस्कृत 'तृण' या शब्दापासून आला. म्हणजे मुळात गवत तेवढे तण. पुढे माणसाने शेत नांगरले, वाफे आखले, आणि त्या आखणीत न बसणाऱ्या तृणाला वेगळे काढून तण म्हटले. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत तण नावाचे कुळ नाही आणि जातीही नाही. एखादे रोप तण आहे की नाही, हे केवळ त्या रोपाकडे पाहून ठरत नाही. ते कोठे उगवले आणि त्या जागेच्या धन्याला काय हवे आहे, यावरून ठरते. गव्हात उगवलेला चाकवत शेतकऱ्याच्या लेखी तण असतो. तोच चाकवत जुडी बांधून मंडईत आला की गृहिणी त्याची ताकातली पातळ भाजी करते आणि घरातील मंडळी ती आवडीने खातात.

हे तण काढण्याच्या कामाला आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. खुरप्याने काढले की खुरपणी, कोळप्याने काढले की कोळपणी, कोकणात बेणणी, आणि सर्वसाधारण शब्द निंदणी. निंदणी आणि निंदा हे शब्द कानाला सख्ख्या बहिणींसारखे वाटतात. दोन्हींमध्ये कुणाला तरी नको असे ठरवावे लागते. फरक एवढाच की निंदा बसल्या बसल्या होते. निंदणीला गुडघे टेकावे लागतात.

मध्य प्रदेश शासनाच्या राजस्व विभागात ३५ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. सीमांकन, नामांतरण, कब्जा आणि अतिक्रमण हेच विषय आयुष्यभर सोबतीला होते. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ या कायद्याचे कलम २४८ अनधिकृत कब्जेदाराविषयी आहे. आधी नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि मग बेदखलीचा आदेश काढावा, अशी त्याची साधी रीत. निवृत्तीनंतर घरच्या बागेकडे लक्ष देऊ लागलो तेव्हा तेच जुने काम नव्या रूपात समोर आले. मात्र येथे कब्जेदार नोटीस घेत नाहीत, पेशीला येत नाहीत, आणि आदेश झाल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच जागी हजर असतात. तरीही त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही कायद्यातील अट मला बागेतही उपयोगी पडली. प्रत्येक तण मातीविषयी काहीतरी सांगत असते. ते ऐकले तर निम्मे काम हलके होते.

आमचे घर इंदूरच्या एका जुन्या वसाहतीत आहे. पूर्वज होळकरांच्या चाकरीत साताऱ्याकडून माळव्यात आले. वडिलांनी १९६२ साली ६० फूट बाय ८० फुटांच्या भूखंडावर हे घर बांधले. समोर २० फूट बाय ३० फुटांची हिरवळ, कडेने जास्वंद, पारिजातक, मोगरा, मागच्या अंगाला आंबा आणि कढीलिंब. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, मग ते ग्वाल्हेरला असो की बडोद्याला, थोड्याफार फरकाने हेच चित्र असेल किंवा काही वर्षांपूर्वीपर्यंत असेल.

माळव्याची काळी माती ही सुपीक, पण मानी. पावसात ती खुरप्याला, चपलेला, बोटांना अशी चिकटते की काम पुढे सरकत नाही. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाऱ्याने उडालेले बी त्या भेगांत जाऊन बसते आणि पहिल्या पावसाने भेगा मिटल्या की ते आपोआप पेरले जाते. म्हणून या मातीत निंदणीची वेळ साधावी लागते. पाऊस पडून गेल्यावर, माती ओलसर पण भुसभुशीत असते, त्या अवस्थेला मराठीत वाफसा असा नेमका शब्द आहे. वाफशावर ओढलेले तण मुळासकट येते. एरवी वरचा शेंडा हातात राहतो आणि मूळ जमिनीत. आमचे माळीबाबा उज्जैनकडचे, वयाने माझ्याहून थोडे मोठे. ते ओंजळभर माती मुठीत दाबतात, मूठ उघडतात, आणि ढेकूळ बोटाच्या धक्क्याने फुटले तरच खुरपी हातात घेतात.

ऋतूप्रमाणे कब्जेदार बदलतात. पावसाळ्यात मोथा, केना, आघाडा, टाकळा आणि गाजर गवत. थंडीत चाकवत आणि जमिनीवर पसरणारी हरणखुरी. उन्हाळ्यात पाणी घातलेल्या वाफ्यात घोळ. कुंड्यांतली आंबुशी बाराही महिने. यांपैकी बहुतेक वर्षायू आहेत. बी धरण्यापूर्वी काढली की त्या वर्षापुरता प्रश्न मिटतो. निंदणीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे असे म्हटले तरी चालेल. फुलावर आलेले तण उद्या काढू म्हणून ठेवले, तर पुढची काही वर्षे त्या उद्याची वसुली चालू राहते.

पण मोथा या नियमात बसत नाही. आपल्या पुस्तकांत याला नागरमोथा म्हणतात, काही भागांत लव्हाळा. जगातील सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत शास्त्रज्ञांनी त्याला पहिल्या क्रमांकावर बसविले आहे. दिसायला तो गवतासारखा, पण गवत नव्हे. त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहिला तर तिकोनी लागतो. हिरवळीत दूर्वेच्या आधी तो चार बोटे वर येतो आणि कापल्यानंतर दोन दिवसांत पुन्हा सर्वांच्या वर मान काढतो. त्याचे खरे घर जमिनीखाली आहे. तेथे सुपारीहून लहान, काळसर कंदांची माळ असते. एक कंद, मग दोऱ्यासारखे मूळ, मग दुसरा कंद. टोकाचा कंद फुटलेला असेल तोवर मागचे कंद निजून राहतात. आपण वरचा झुपका ओढतो, माळ तुटते, आणि निजलेल्या प्रत्येक कंदाला जाग येते. एका झुपक्याच्या जागी चार झुपके उगवतात ते यामुळे.

कालिदासाच्या शाकुंतलात, दुसऱ्या अंकात, दुष्यंत शिकार थांबवतो तेव्हा रानडुकरांनाही डबक्यात निर्धास्तपणे मोथा उकरण्याची मोकळीक देतो. मोथा मुळासकट काढण्याची कला खरोखर त्या डुकरांनाच साधली आहे. माणसाला मात्र धीर आणि वेळापत्रक या दोनच गोष्टींवर भिस्त ठेवावी लागते. मोथ्याच्या कंदाला कोरडेपणा आणि सावली सोसत नाही. म्हणून आम्ही वैशाखात, ऊन सर्वांत कडक असते तेव्हा, मोथ्याने भरलेला भाग वीतभर खोल खणतो. कंद वेचून गच्चीवर पत्र्यावर पसरतो. मातीत राहिलेलेही उघड्यावर पडून सुकतात. पावसाळ्यात पुन्हा जे अंकुर येतील ते दर पंधरवड्याला, नवे कंद धरण्यापूर्वी, कापत राहायचे. पाने नसली की कंदाची शिदोरी हळूहळू संपते. पहिल्या वर्षी आमच्याकडे तीन घमेली कंद निघाले. दुसऱ्या वर्षी दोन. गेल्या वैशाखात एक घमेले पुरते भरले नाही.

औषध मारून टाका, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ग्लायफोसेट नावाचे तणनाशक पानांतून मुळापर्यंत जाते हे खरे. पण ते दूर्वा आणि मोथा असा भेद करीत नाही. जेथे शिंपडले तेथले सर्व हिरवे वाळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. दुसरे, टू-फोर-डी, रुंद पानांची तणे मारते आणि गवताला सोडते. परंतु त्याचा बारीक फवारा वाऱ्याने शेजारच्या टोमॅटोवर किंवा गुलाबावर गेला तर त्यांची पाने वेडीवाकडी होतात. एकरांनी शेती असलेल्याचा हिशेब वेगळा असेल. ६०० चौरस फुटांच्या हिरवळीवर, जेथे शेजारची मुले अनवाणी खेळतात आणि जेथली दूर्वा देवाला वाहिली जाते, तेथे खुरपी पुरेशी आहे असे आमच्या घरात ठरलेले आहे.

हिरवळ निरोगी असेल तर तीच तणाचा अर्धा बंदोबस्त करते. दूर्वेला फार खाली, मातीपर्यंत कापू नये. दीड-दोन इंच उंची राखावी आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक छाटू नये. दाट दूर्वेच्या खाली ऊन पोचत नाही, आणि ऊन नाही तर तणाचे बारीक बी रुजत नाही. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा सावकाश, खोलवर मुरेल असे द्यावे. रोजच्या शिडकाव्याने मुळे वरच राहतात आणि वरवरच्या ओलीवर तण पोसते. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे, कारण अर्धकच्च्या शेणात गाईने खाल्लेल्या गवताचे बी जिवंत असते. बाहेरून गाळ किंवा माती आणली तर तिच्यासोबत मोथ्याचे कंद आणि गाजर गवताचे बी पाहुणे म्हणून येतात. आंब्याखाली दूर्वा धरीत नाही. तेथे दरवर्षी नवे गवत लावण्याचा हट्ट न करता आम्ही वाळका पाला पसरला आणि सावलीत वाढणारी हळद लावली. तेथले तण आपोआप कमी झाले.

काढलेल्या तणाचे काय करावे, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर आपल्याच गावाने जगाला दिले आहे, याचा इंदूरकर म्हणून मला अभिमान वाटतो. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीचे प्रमुख होते. त्या संस्थेची जागा म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाचा परिसर. शेतातील तण, पालापाचोळा, उसाचे पाचट, कपाशीच्या काड्या, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ते उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची जी पद्धत तेथे सिद्ध झाली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. कपाशीच्या काड्या टणक असतात म्हणून त्या शेतातील रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. हे सर्व ज्या पुस्तकात लिहिले आहे ते १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. ते त्या संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले. वाड यांचे नाव आपल्या मंडळींपैकी किती जणांना ठाऊक आहे, याची मला शंका आहे.

या पद्धतीत तण हा कचरा नसून कच्चा माल आहे. ढीग नीट रचला आणि ओलावा राखला की आत ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता तयार होते आणि बहुतेक बी त्यात मरते. घरच्या छोट्या खड्ड्यात एवढी उष्णता नेहमी येत नाही. म्हणून आम्ही फुलावर येण्याआधीचे तणच खड्ड्यात टाकतो, आणि मोथ्याचे कंद पत्र्यावर वाळून खुळखुळू लागल्यावर. मृगाच्या सुमारास हे खत चाळून हिरवळीवर पातळ थर देतो. ज्याला उपटले त्याच्याच राशीवर दूर्वा पोसते.

आता गाजर गवताविषयी. शेजारचा एक भूखंड कित्येक वर्षे मोकळा पडून आहे. पहिल्या पावसानंतर तेथे कमरेइतके गाजर गवत उभे राहते आणि पांढऱ्या फुलांनी असे बहरते की लांबून पाहणाऱ्याला ते कुणी हौसेने लावले असावे असे वाटेल. हे मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात त्याची ठळक नोंद झाली. अमेरिकेहून आयात केलेल्या गव्हासोबत ते आले ही समजूत रूढ आहे, आणि त्याहून जुन्या नोंदीही अभ्यासकांनी दाखविल्या आहेत. एका झाडाला १० हजारांहून अधिक बिया सहज धरतात. त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते, परागाने कित्येकांना दम्याचा त्रास होतो. आमच्या सौभाग्यवतींना गेली काही वर्षे पावसाळ्यात हाताला जी खाज सुटते, तिचे कारण डॉक्टरांनी हेच सांगितले.

आपल्याच प्रदेशात, जबलपूरला, १९८९ पासून तणांच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या पुढाकाराने दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजर गवताविषयी जागृतीचा सप्ताह साजरा होतो. हे गवत खाणारा, पिवळसर पाठीवर काळ्या रेघा असलेला एक मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात भारतात आणला गेला. पावसाळ्यात त्याच्या अळ्या आणि भुंगे दोन्ही पाने फस्त करतात. शेजारच्या भूखंडावर तो आपण होऊन पोचला आहे. तो त्याचे काम करतो, आम्ही आमचे. वसाहतीतील आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी जुलैत, फुले येण्यापूर्वी, दोन रविवार सकाळी रबरी हातमोजे घालून तो भूखंड साफ करतो. मालक परगावी असतात. त्यांची परवानगी मी रीतसर लेखी घेऊन ठेवली आहे. सवय जात नाही.

गाजर गवताची आणखी एक खोड आहे. त्याच्या मुळांतून आणि गळलेल्या पानांतून अशी द्रव्ये मातीत उतरतात की आसपास दुसऱ्या रोपांचे बी नीट रुजत नाही. माझ्या दृष्टीने त्याचा खरा गुन्हा तो आहे. बाहेरून आले हा गुन्हा नव्हे. मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ, दसऱ्याचा झेंडू, संध्याकाळी फुलणारी गुलबाक्षी ही सारी त्याच अमेरिका खंडातून आली आणि आज आपल्या स्वयंपाकघरात व देवघरात आहेत. झेंडूवाचून आपले तोरण होत नाही. टणटणी मात्र त्याच बाजूने शोभेची म्हणून आली आणि जंगलेच्या जंगले गिळून बसली. तेव्हा कोण कोठून आला हे विचारून बाग चालत नाही. तो आल्यावर शेजाऱ्याला उगवू देतो की नाही, हे विचारावे लागते.

हे लिहिताना माळव्यातल्या आपल्या वस्तीचा विचार मनात येतो, तो टाळता येत नाही. आपणही अठराव्या शतकात बाहेरूनच आलो. सत्तेबरोबर आलो, हेही खरे. सत्ता गेली, संस्थाने विलीन झाली, आणि आपण राहिलो. ते सत्तेच्या बळावर राहिलो असे म्हणता येणार नाही. आपल्या शाळांत माळव्याची मुले शिकली, आपल्या गाण्याच्या मैफिलींना सर्वांना जागा होती, आपल्या मराठीत माळवी शब्द आले आणि येथल्या हिंदीत आपले. दूर्वेचा दोर जमिनीवर सरपटत जातो आणि प्रत्येक पेराशी नवे मूळ धरतो. मधला धागा तुटला तरी प्रत्येक पेर आपल्या जागी जगते. सातारा आम्ही कधीच मागे टाकला. तेथे आता आमचे कुणी नाही. तरी दर पिढीने येथे आपापले मूळ धरले.

त्या दूर्वेचीही गंमत पाहा. हीच दूर्वा शेतात हरळी होते आणि शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला आणते. शेतातल्या हरळीला तो जे बोलतो ते येथे लिहिता येणार नाही. पण तोही भाद्रपदात तिच्याच २१ जुड्या गणपतीला वाहतो. आपल्या व्रतवैकल्यांत अशा कितीतरी तणांना मानाचे दिवस नेमून दिलेले आहेत. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ. हरितालिकेच्या आणि गणपतीच्या पत्रीत आघाडा, माका, धोत्रा, डोरली अशी उकिरड्याच्या कडेला वाढणारी मंडळी. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, म्हणून हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले शोधून त्याची भाजी करायची. दिवाळीच्या उटण्यात मोथ्याच्या किंवा त्याच्या भाईबंदाच्या कंदांची पूड. वैद्यकात हाच मोथा मुस्ता या नावाने ताप व अतिसारावर वापरतात. वर्षभर ज्याला आपण उपटतो त्याला वर्षातून एकदा नावाने ओळखून घरात आणावे, ही सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली. माझ्या आईला या सर्वांची नावे पाठ होती. ती निंदणी करता करता घरी लागणारे बाजूला काढी. मोठ्या बहिणीला शिकविताना "हे काढ" आणि "हे ठेव" असे दोनच शब्द तिला पुरत.

आता हा विषय या पानांवर का मांडला, ते सांगतो. आमचा मुलगा बंगळूरला असतो. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा म्हणाला, "बाबा, समोर सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालून टाकू. तुम्हाला खाली बसता येत नाही, आईच्या हाताला त्रास होतो, माळीबाबा थकले. पाण्याचाही प्रश्न आहेच." त्याचे म्हणणे प्रेमाचे होते आणि बिनतोडही होते. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून, विजेच्या जोरावर ते वर आणावे लागते. पुण्यसलिला नर्मदा एवढे कष्ट घेऊन आपल्या दारी यावी आणि आपण ती गवतावर ओतावी, यात औचित्य नाही. आमच्या गल्लीतील बहुतेक अंगणांत फरशी किंवा ब्लॉक झालेच आहेत. तेथे पावसाचे पाणी जमिनीत न मुरता वाहून रस्त्यावर येते, आणि त्याच घरांच्या कूपनलिका फेब्रुवारीत कोरड्या पडतात.

सौ.ने त्या दिवशी एवढेच विचारले, "अरे, फरशी घातलीस तर भाद्रपदात शेजारणी दूर्वा मागायला कुणाकडे जातील?" ऐकायला हा प्रश्न भाबडा वाटतो. पण आमच्या फाटकाशी गणेशचतुर्थीच्या पहाटे मराठी, माळवी, गुजराती, सिंधी अशा घरांतल्या बायका परड्या घेऊन उभ्या असतात. त्यांच्यासाठी आम्ही आधी आठ-दहा दिवस हिरवळ कापीत नाही. बाजारात दूर्वांच्या जुड्या मिळतात, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्या येतात, दोन शब्द बोलतात. वसाहतीतील कितीतरी घरांशी आमचा संबंध एरवी वर्षभरात तेवढाच येतो.

माळीबाबांना विचारले तेव्हा ते हिंदीत म्हणाले, "घास तो अपने आप उगती है साब, बगीचा अपने आप नी उगता." म्हणजे बाग हवी असेल तर कुणीतरी हवे. हा 'कुणीतरी' कोण, हाच आमच्यासारख्या घरांचा खरा प्रश्न आहे. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी. नातवंडांना मराठी बोलता येते, पण आघाडा ओळखता येत नाही. फरशी घातली की हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही, आणि म्हणून ती सोयीची वाटते. सिमेंटखाली मोथाही जातो आणि दूर्वाही.

गेल्या दिवाळीत मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात आली असताना आम्ही फीत घेऊन अंगणाचे सीमांकन केले. या कामाची हातोटी मला आहे. हिरवळ आता १५ फूट बाय २० फुटांची, म्हणजे ३०० चौरस फूट, पहिलीच्या बरोबर निम्मी. उरलेल्या भागात जाण्यायेण्याची वाट दगडी लाद्यांची केली. लाद्यांमध्ये तीन-तीन बोटांच्या फटी ठेवल्या आणि त्यांत दूर्वा लावली, म्हणजे पाणी मुरते. भिंतीकडेला कमरेच्या उंचीचे दोन वाफे बांधले. तेथे उभ्याने निंदणी होते, गुडघ्यांना त्रास नाही. एक कोपरा पत्रीसाठी सोडला. तेथे आघाडा, माका, तुळस यांना अभय आहे. मात्र कोपऱ्याची हद्द ओलांडली तर त्यांनाही कलम २४८ लागू. ओट्यावरचे भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी बागेकडे वळविले. हिरवळीला एप्रिल-मेमध्ये फार पाणी देत नाही. ती पिवळी पडते, पाहुणे हळहळतात. पण दूर्वा उन्हाळ्यात मरत नाही, निजते. पहिल्या दोन सरींनंतर चार दिवसांत ती हिरवी होते.

नात सुटीत आली की तिला मी रोज सकाळी अर्धा तास वाफ्यापाशी नेतो. तिला तिकोनी दांड्याचा मोथा बोटांनी ओळखता येऊ लागला आहे. घोळ आणि नुकताच उगवलेला पारिजातक यांतला फरकही कळतो. या वैशाखात ती गच्चीवर वाळत घातलेले कंद मोजीत होती आणि ते शून्य केव्हा होतील असे विचारीत होती. मी तिला सांगितले की शून्य होणार नाहीत. थोडे राहतील आणि दरवर्षी काढावे लागतील. तिने त्यांतले पाच-सहा वेगळे काढून कागदाच्या पुडीत बांधले आणि उटण्यासाठी म्हणून आजीकडे दिले. पुडीवर तिने देवनागरीत 'मोथा' असे लिहिले आहे. ती पुडी फडताळात आहे.